गाडी टायर खाते तेव्हा

(इंदूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आत येताना दोघा-तिघांनी मला दारातच गाठलं. म्हणाले, "कुठल्या कंपनीचे टायर घ्यायचे तेवढं सांगा, म्हणजे आम्ही पोह्यांना मोकळे." सांगेन, पण उत्तर ऐकून तुमची निराशा होणार आहे. दुकानात कंपनी ठरवायची वेळ अगदी शेवटी येते. त्याआधी विचारायचं ते हे, की जे टायर आज काढून टाकताय ते कसे झिजले? आपल्याकडे म्हणतात ना, "गाडी टायर खाते". मग कुठल्या बाजूने खाते हे बघायला नको? ते न बघता नवे चार टायर घातलेत, तर गाडी तेही तसेच खाईल.

टेबलावर हा एक टायर आणून ठेवलाय. एका पाच सीटर एसयूव्हीच्या पुढच्या डाव्या चाकाचा आहे. तुमच्या बाजूने नक्षी चांगली खोल दिसते. गाडी पार्किंगमध्ये उभी असताना मालकालाही एवढंच दिसत होतं. आता फिरवतो. ही आतली कड. इथे नक्षी नावालाही उरलेली नाही आणि अगदी काठाला तारा डोकावतायत. पुढे बसलेल्यांनी येऊन हात लावून बघा. तळहात आतून बाहेर सरकवला की गुळगुळीत लागतं आणि बाहेरून आत आणला की करवतीच्या दातांसारखं अडतं. असं अडलं की ओळखायचं, टो बिघडलाय, म्हणजे चाकं सरळ न धावता किंचित तिरकी घासत धावतायत. खड्ड्यात जोरात आपटलं, फुटपाथच्या कडेवर चाक चढवलं की हे होतं. या गाडीच्या मालकाचं म्हणणं मात्र एकच, कंपनी भिकार निघाली!

बाकीच्या खुणा सोप्या आहेत. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला पट्टा शाबूत असेल तर हवा कायम कमी राहिली. मधलाच पट्टा झिजला तर हवा जास्त. टायरवर जागोजागी उथळ खळगे पडले असतील तर शॉक अॅब्झॉर्बर थकलेत किंवा बॅलन्सिंग, म्हणजे चाकाच्या वजनाचा समतोल, गेलंय. यातलं काहीही दिसलं तर आधी ते दुरुस्त करा, टायर मागाहून.

हवेबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण सगळ्यात जास्त टायर हवेपायी वाया जातात. किती हवा भरायची हे टायरवर लिहिलेलं नसतं. टायरच्या बाजूला जो आकडा असतो तो कमाल दाबाचा. तुमच्या गाडीचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकरवर असतो, आणि बहुतेक गाड्यांत तो दोन प्रकारे दिलेला असतो, दोघा-तिघांसाठी वेगळा आणि भरलेल्या गाडीसाठी वेगळा. आता आपण इंदूरकर पुण्याला निघतो तेव्हा काय होतं? पाच माणसं, मागे बॅगा, वर सेव, नमकीन आणि लेकीसाठी गव्हाचं पोतं. हवा मात्र शहरात फिरताना होती तेवढीच. मे महिन्यात ४२ अंश तापमानात एबी, म्हणजे आग्रा-मुंबई, रोडने धामणोद, सेंधवा, बिजासन घाट करत तुम्ही धुळ्याला उतरता. कमी हवेच्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडते, त्यातून उष्णता तयार होते, आणि महामार्गावर टायर फुटण्यामागे बहुतेक वेळा ही उष्णताच असते. "उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, नाहीतर टायर फुटतो" हा सल्ला तुम्हाला दहा जणांनी दिला असेल. तो उलटा आहे. टायर थंड असताना, म्हणजे सकाळी निघण्यापूर्वी, स्टिकरप्रमाणे भरा. चालवल्यावर दाब चार-पाच पौंडांनी चढला तरी घाबरून हवा सोडू नका. तो चढणार हे धरूनच स्टिकरवरचा आकडा दिलेला असतो. नायट्रोजन भरायचा तर भरा, नुकसान काही नाही. पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

टायर बदलायचा कधी? नक्षीच्या मोठ्या खाचांमध्ये तळाशी रबराची छोटी आडवी पट्टी असते. वरची नक्षी झिजून त्या पट्टीच्या पातळीला आली की खोली १.६ मिलिमीटर उरली. चारचाकीसाठी कायद्याची मर्यादा तीच आहे. नव्या टायरला साधारण ८ मिलिमीटर असते. पण कायद्याची मर्यादा गाठेपर्यंत थांबू नका. खाचांचं काम पाणी बाजूला सारायचं. खोली ३ मिलिमीटरच्या खाली गेली की पावसात ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला बरंच जास्त अंतर घेते, आणि वेगात असाल तर टायर पाण्यावर तरंगू लागतो. म्हणून माझं मत असं, की ३ मिलिमीटरच्या आसपास आलेले टायर मृगाच्या आधी बदलून घ्यावेत. दिवाळीची ऑफर येईल म्हणून पावसाळा त्यांच्यावर काढू नये.

इथे समोर बसलेल्या बऱ्याच जणांची अडचण मात्र निराळी आहे. तुमची गाडी चालतच नाही. मुलं पुण्याला किंवा बंगळूरला, गाडी कव्हरखाली, महिन्यातून एकदा खजराना गणपती आणि वर्षातून एकदा ओंकारेश्वर. नक्षी नव्यासारखी आणि टायर सात वर्षांचा. रबर नुसतं उभं राहूनही कडक होतं, बाजूला बारीक भेगा पडतात. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या. दहा वर्षांनी नक्षी कितीही राहिलेली असो, काढून टाका.

आता दुकानात चला. सियागंज असो की देवास नाका, विक्रेता विचारतो साइज. समजा तुमच्या टायरवर २१५/६० आर १७ आणि पुढे ९६ एच लिहिलंय. २१५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी, बाजूची उंची त्या रुंदीच्या ६० टक्के, आर म्हणजे रेडियल, १७ इंचांची रिम. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. लोक दुर्लक्ष करतात ते शेवटच्या ९६ एचकडे. ९६ म्हणजे एक टायर ७१० किलो पेलतो, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत चालतो. त्याच साइजमध्ये कमी भाराचा टायर स्वस्तात मिळाला तरी एसयूव्हीला घालू नये. भारांक गाडीला ठरवून दिलेला असेल तेवढा किंवा त्याहून जास्त, कमी कधीच नाही. आयएसआयचा शिक्का आहे ना तेही बघा.

रुंद टायरचा मोह तरुणांना फार. गाडी दणकट दिसते, खरं आहे. पण बाहेरचा व्यास तीन टक्क्यांहून जास्त बदलला की स्पीडोमीटर खोटं बोलतो, वळताना टायर आतल्या प्लास्टिकला घासतो, मायलेज पडतं. दुसरा मोह जाड नक्षीच्या ऑल-टेरेन टायरचा. ज्यांची शेती आहे ते म्हणतात, पावसाळ्यात शेतावर जायला हवेत. अहो, माळव्याची काळी माती आहे ती! ओली झाली की बघता बघता ऑल-टेरेनच्याही खाचा भरून टाकते, आणि मग तो टायर तुमच्या गुळगुळीत टायरइतकाच असहाय. वर्षभर मात्र डांबरी रस्त्यावर तो घूं घूं आवाज करणार आणि डिझेल जास्त पिणार. मुरमाच्या, दगडगोट्यांच्या रस्त्यावर रोज जाणं असेल तरच घ्या. बाकी कुटुंबासाठी साधा हायवे टायर उत्तम, त्यातही ओल्या रस्त्यावरची पकड बघून घेतलेला. काही टायरांवर ताऱ्यांचं लेबल असतं, ते इंधनबचतीचं आहे. ओल्या रस्त्यावर किती पकडेल याच्याशी त्या ताऱ्यांचा संबंध नाही, हे विक्रेता आपणहून सांगत नाही.

कंपनीचं म्हणाल तर नावाजलेल्या पाच-सहा कंपन्यांपैकी कुठलीही चालेल. आपल्याच भागात पीथमपूरजवळ खेडा नावाच्या गावी ब्रिजस्टोनचा कारखाना आहे, ग्वाल्हेरजवळ बानमोरला जेके टायरचा. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्ये जेवढा फरक असतो, तेवढा दोन चांगल्या कंपन्यांमध्ये कित्येकदा नसतो. म्हणून मॉडेल विचारा.

दोनच टायर घ्यायचे असतील तर? हा प्रश्न विचारणाऱ्या वहिनींना मी सांगितलं, नवे मागे लावा. त्यांना पटलं नाही. दुकानातही पुढेच लावून देतात, कारण पुढचे झिजलेले असतात. पण पावसात पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, तुम्ही पाय उचलता आणि ती बऱ्याचदा सावरते. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते, आणि ती सावरणं रोज चालवणाऱ्यालाही जमत नाही. म्हणून चांगली नक्षी मागे, आणि मागचे जुने पुढे आणा. चारही चाकांना ताकद देणारी गाडी असेल तर मात्र चारही एकदम बदला. व्यासातल्या फरकाचा ताण तिथे गिअरच्या भागांवर येतो आणि ती दुरुस्ती टायरांहून महाग पडते.

बसवल्यावर बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट, म्हणजे टोसकट चाकांची दिशा सरळ करणं, करून घ्या. अलाइनमेंटचा छापील कागद मागा, आधीचे आणि नंतरचे आकडे त्यावर असतात. पुढे दर आठ-दहा हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल. स्टेपनी पूर्ण साइजची असेल तर तिलाही त्या फेऱ्यात घ्या, नाहीतर ती डिकीत पडून पडून म्हातारी होते. काढलेल्या चारांतला, वयाने पाच वर्षांच्या आतला आणि बाजूला चीर किंवा फुगा नसलेला एखादा असेल, तर स्टेपनीसाठी ठेवा. उरलेल्यांचे पैसे बिलातून वळते करून घ्यायला विसरू नका, दुकानदार ते विकतोच.