टँगो शिकताना जोडीदार बदला

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या ठाण्यात आर्जेंटाइन टँगोच्या क्लासला नाव घालायला जोडपे आले की बहुतेक वेळा एक अट घेऊनच येते: आम्ही दोघे एकमेकांबरोबरच नाचणार. माझे मत नेमके उलटे आहे. निदान पहिले काही महिने तरी नवराबायकोने एकमेकांचा हात सोडावा.

टँगोत पावलांचा क्रम आधी ठरलेला नसतो. पुढचे पाऊल कुठे, हे लीड करणाऱ्याने त्या क्षणी ठरवायचे आणि हाताने न ढकलता छातीच्या रोखाने सुचवायचे. फॉलो करणाऱ्याने ते ओळखून पाऊल टाकायचे. आता रोज एकाच माणसाबरोबर सराव केला की काय होते? खोडी पाठ होतात. त्याने धड सुचवलेले नसतानाही ती सवयीने ‘ओचो’ घेते, म्हणजे एका पायावर वळत जमिनीवर इंग्रजी आठचा आकडा काढते, आणि त्याला वाटते, वा, जमले! शिक्षकांनी ‘चेंज’ म्हटले, समोर अनोळखी बाई आली, की त्याचा इशारा तिला कळतच नाही. ग्रुप क्लासची खरी कमाई इथे आहे. शिवाय घरच्या जोडीत पाय चुकला की विषय थेट सासरच्या माणसांपर्यंत जातो. परक्या माणसाशी आपण जरा सभ्यपणे वागतो.

टँगो मिठीत नाचतात, त्याचा संकोच मात्र खरा आहे. नात्यातल्या लग्नातसुद्धा आपण हात जोडून मोकळे होतो, मग ऑफिसातून दमून आलेल्या अनोळखी गृहस्थाच्या खांद्यावर हात कसा ठेवायचा? म्हणूनच सुरुवातीला अंतर राखून धरायला शिकवतात. जवळची मिठी नंतर, आणि तीही दोघांची तयारी असेल तरच. ज्या क्लासमध्ये नाही म्हणायला वाव नाही, तिथे पैसे भरू नयेत.

पहिले काही तास नुसते चालणे असते. इथेच निम्मे लोक कंटाळतात. पण एका पायावर पूर्ण वजन, दुसरा पाय मोकळा, ही गोष्ट दिसते तेवढी सोपी नाही. आपल्या फुगडीत दोघी एकमेकींच्या ओढीवर तोललेल्या असतात, एकीने हात सोडला की दुसरी पडलीच. टँगोच्या चालण्यात जोडीदार अचानक बाजूला झाला तरी आपण उभे राहिलो पाहिजे. या सरावाला कार्लोस दी सार्लीच्या वाद्यवृंदाची गाणी उत्तम, ठोका संथ आणि स्वच्छ. हुआन दारिएंझोची लय चपळ, ती नंतर. आस्तोर पियाझोला ऐकून टँगोकडे वळलेल्यांची थोडी निराशा होते, कारण त्याचे संगीत मुख्यतः ऐकण्यासाठी आहे.

आणि हे सगळे फार उच्चभ्रू मानू नका. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्युनोस आयर्स आणि मोन्तेविदेओच्या गरीब वस्त्यांत इटलीहून, स्पेनहून पोटासाठी आलेली माणसे आणि तिथले आफ्रिकी वंशाचे लोक यांच्या सरमिसळीतून हा नाच घडला. त्याच्या संगीतातले बांदोनिऑन हे वाद्य जर्मनीतून आले. आपल्या पेटीप्रमाणेच त्यातही हवेने धातूच्या पट्ट्या कंप पावतात. युनेस्कोने 2009 मध्ये टँगोला वारसा मानले.

बुटांचे एक सांगते. रबरी तळाचे बूट फरशीला धरून बसतात आणि वळताना पीळ गुडघ्याला बसतो. चामडी तळाचे घ्या, आणि पावसाळ्यात ते पिशवीतून न्या. रस्त्यावरच्या चिखलातले बूट घालून आत जाऊ नये. जोडीला एक कोरडा शर्ट हवाच, आपल्याकडची दमट हवा मिठीला मुळीच अनुकूल नाही.

थोडे जमू लागले की ‘मिलोंगा’ला, म्हणजे टँगोच्या नाचाच्या बैठकीला जा. तिथे दुरूनच नजर भेटवतात, मान हलवून विचारतात. नको असेल तर नजर वळवायची, कुणाचा अपमान नाही. सगळी जोडपी घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. तीन-चार गाण्यांचा एक ‘तांदा’, तो संपेपर्यंत जोडीदार तोच. मध्येच ‘ग्रासियास’ म्हणून आभार मानलेत, तर आता पुरे, असाच अर्थ घेतला जातो.

नाव घालण्यापूर्वी एक तास नुसते बसून बघायची परवानगी मागा. शिक्षक जोडीदार बदलायला लावतात का, आणि विद्यार्थीच एकमेकांना शिकवत सुटले की त्यांना आवरतात का, एवढे दोन पाहिलेत तरी पुरे.

नमस्कार.