सिस्टरचं घड्याळ : मुंबईच्या प्रसूतिगृहातली शुश्रूषा

[दृश्य : महापालिकेचं प्रसूतिगृह. सकाळची ओपीडी, बाकांवर गरोदर बायका.]

सकाळचे साडेनऊ. कुणी स्टेशनचा पूल चढून-उतरून आलीय, कुणी लेडीज डब्यात दाराशी उभी राहून. हातात केसपेपर, माता व बाल संरक्षण कार्ड आणि लघवीच्या नमुन्याची बाटली. नंबर लागला की लगेच ब्लड प्रेशर घ्यायचं, असा बाहेरच्यांचा समज. पण टेबलावरची अनुभवी सिस्टर आधी सांगते, "ताई, बाथरूमला जाऊन या आणि पाच मिनिटं शांत बसा."

त्याला कारण आहे. भरलेलं मूत्राशय, नुकताच चढलेला जिना, चालू असलेल्या गप्पा, यातल्या प्रत्येक गोष्टीने बीपीचा आकडा वर जातो. पायावर पाय टाकून बसलं तरी जातो. उलट दिवस भरत आलेल्या बाईला उताणं झोपवलं, की गर्भपिशवीचं ओझं मोठ्या शिरेवर पडतं, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि बीपी खोटंच खाली दिसतं.

[दृश्य : दंडावर पट्टा बांधणारे हात, जवळून.]

म्हणून खुर्चीत पाठ टेकून बसवायचं, पावलं जमिनीवर आणि दंड हृदयाच्या उंचीला. पट्टा उघड्या दंडावर, ब्लाउजच्या किंवा कुर्त्याच्या बाहीवरून नाही. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर. आतल्या रबरी पिशवीने दंडाचा निदान ८० टक्के घेर व्यापला पाहिजे. भरलेल्या दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा उगाच वाढतो, बारीक दंडाला मोठा बांधला तर उगाच उतरतो. मनगटाची नाडी लागेनाशी झाली की त्यावर आणखी ३० पर्यंत हवा भरायची, मग सेकंदाला साधारण दोन अंशांनी सोडायची. घाईत भसकन हवा सोडली, की वरचा आकडा कमी लागतो आणि नेमकी धोक्यातली बाई "नॉर्मल" होऊन घरी जाते.

ओपीडीच्या रजिस्टरमध्ये एकाखाली एक १२०/८०, १२०/८०, १२०/८० असे आकडे दिसले, तर तिथे कुणीतरी न मोजता लिहिलं आहे असं खुशाल समजावं. माणसाचं बीपी इतकं गोल नसतं.

सीमारेषा आहे १४०/९०. चार तासांच्या अंतराने दोनदा तेवढं किंवा त्याहून जास्त भरलं, तर तो गरोदरपणातला उच्च रक्तदाब. १६०/११० ला मात्र चार तास थांबायचं नाही. पंधरा मिनिटांत पुन्हा बघायचं, डॉक्टरांना बोलवायचं आणि तासाभराच्या आत उपचार सुरू झालेले असले पाहिजेत. डॉक्टरांनी निफेडिपिन हे बीपी उतरवणारं औषध लिहून दिलं तर गोळी गिळायला द्यायची. जिभेखाली ठेवायची जुनी पद्धत सोडून दिली पाहिजे, कारण तिने बीपी झपकन कोसळतं आणि बाळाचा रक्तपुरवठा तुटतो.

[दृश्य : लघवीच्या तपासणीची पट्टी आणि रंगांचा तक्ता.]

बीपीच्या जोडीला लघवीतलं प्रथिन. पट्टी बुडवून लगेच बाहेर काढायची आणि डबीवर दिलेल्या वेळेलाच तक्त्याशी लावून बघायची. मुंबईच्या दमट हवेत डबीचं झाकण उघडं राहिलं, तर पट्ट्या आपोआप रंग बदलतात. अंगावरून पांढरं जात असेल आणि ते नमुन्यात मिसळलं, तर नसलेलं प्रथिन दिसतं. त्यासाठी धुऊन, पहिली धार सोडून, मधली धार बाटलीत घ्यायला सांगायचं. चाळीतल्या सार्वजनिक संडासात हे किती अवघड आहे ते सिस्टरला ठाऊक असतं, म्हणून शक्यतो दवाखान्यातच नमुना घेतलेला बरा. सारखं संडासाला जायला नको म्हणून पाणीच कमी पिणाऱ्या गरोदर बायका या शहरात भरपूर आहेत. लघवीला जळजळ हे त्याचं पहिलं फळ. म्हणून हा प्रश्न विचारावा लागतो, ती आपणहून सांगत नाही.

आणखी एक गोष्ट ती आपणहून सांगत नाही, किंवा सांगते ती वेगळ्याच नावाने. "पित्त झालंय." छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या भागात उजवीकडे दुखतंय, मळमळतंय, डोकं ठणकतंय, डोळ्यांसमोर काजवे चमकतायत. घरातले कोकम सरबत देतात, मेडिकलवाला पित्ताची गोळी देतो. विसाव्या आठवड्यानंतर अशी तक्रार ऐकली, की पित्ताचा विचार सर्वांत शेवटी करायचा. आधी बीपी, मग लघवी. कारण ही प्री-एक्लॅम्प्सियाची, म्हणजे झटके येण्याआधीची अवस्था असू शकते, आणि वरचं दुखणं हे यकृताला आलेल्या सुजेचं असतं.

[दृश्य : लेबर वॉर्ड, आपत्कालीन ट्रे.]

झटका आलाच, तर कांदा किंवा चप्पल हुंगवून काही होत नाही आणि दातांत चमचा घातला तर दात तुटतो. बाईला डाव्या कुशीवर वळवायचं, तोंडातली लाळ-उलटी बाहेर येऊ द्यायची, ऑक्सिजन लावायचा. आणि झटके थांबवणारं मॅग्नेशियम सल्फेट.

या औषधाचं गणित प्रत्येक सिस्टरला झोपेतून उठवलं तरी आलं पाहिजे. ५० टक्क्यांची दोन मिलीची एक अँप्यूल म्हणजे एक ग्रॅम. शिरेतून चार ग्रॅम : चार अँप्यूलचे आठ मिली आणि त्यात बारा मिली सलाईन, एकूण वीस मिली, निदान पाच मिनिटं घेत सावकाश. त्यानंतर दोन्ही कुल्ल्यांत खोल, प्रत्येकी पाच ग्रॅम. छोट्या केंद्रातून मोठ्या रुग्णालयात पाठवायचं असेल, तर ही स्नायूतली दहा ग्रॅम देऊन मगच पाठवायचं आणि किती वाजता दिली ते चिठ्ठीवर लिहायचं. ती वेळ लिहिलेली नसली, की पुढच्या रुग्णालयात एक तर डोस दुबार जातो किंवा जातच नाही.

पुढे दर चार तासांनी पाच ग्रॅम, पण आपोआप नाही. प्रत्येक वेळी आधी तीन गोष्टी : गुडघ्यावर टकटक केल्यावर पाय उडतो का, श्वास मिनिटाला निदान १६ आहेत का, लघवी तासाला निदान ३० मिली होतेय का. हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. लघवी अडली की ते रक्तात साठतं, आधी गुडघ्यावर टकटक केल्यावर पाय उडणं बंद होतं, मग श्वास. उतारा म्हणजे १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट, दहा मिली, दहा मिनिटांत हळूहळू. तो त्याच ट्रेमध्ये हवा, कुलपातल्या कपाटात नाही.

[दृश्य : कामा आणि वाडिया रुग्णालयांच्या इमारती.]

दवाखान्यात बाळंतपण करण्याची सवय या शहराला लवकर लागली. कामा रुग्णालय १८८६ चं, परळचं वाडिया प्रसूतिगृह १९२६ चं. २०१८ ते २०२० या काळात महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या, देशात ९७. आकडा देशाच्या मानाने चांगला आहे. पण अंगावरून जाणारं रक्त अजूनही डोळ्यांनीच मापलं जातं, तिथे हा आकडा अडकतो.

[दृश्य : लोहाच्या गोळ्यांची पाकिटं, रिकामी झालेली.]

रक्त जाणं सोसायची ताकद मात्र आधीच्या सहा महिन्यांत तयार होते. चौथ्या महिन्यापासून रोज एक गोळी, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड, १८० दिवस. बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, ७ च्या खाली म्हणजे दाखल. गोळीने शौच काळी होते, ते रक्त नव्हे, हे पहिल्याच दिवशी सांगितलं नाही तर आठवड्यात गोळी बंद होते. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यायची. चहाबरोबर किंवा चहा झाल्या झाल्या नाही, तासाभराचं अंतर हवं. कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तास दूर, नाहीतर दोघी एकमेकींना शोषू देत नाहीत. लिंबू पिळून खाल्लेलं कधीही चांगलं. "गोळ्या घेता ना?" या प्रश्नाला सगळ्या जणी "हो" म्हणतात. म्हणून हुशार सिस्टर रिकामी पाकिटं घेऊन यायला सांगते.

[दृश्य : प्रसूतिकक्ष. भिंतीवरचं मोठं घड्याळ.]

बाळ बाहेर आलं. सिस्टर पोटावर हात ठेवून आत दुसरं बाळ नाही ना हे बघते आणि एका मिनिटाच्या आत मांडीत ऑक्सिटोसिनचं, म्हणजे गर्भपिशवी आवळणाऱ्या औषधाचं, १० युनिटांचं इंजेक्शन देते. बाळ रडत असेल तर आईच्या पोटावर, नाळ एक ते तीन मिनिटांनी.

त्या इंजेक्शनची ताकद फ्रिजवर अवलंबून असते. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवायचं. मे महिन्यात कामाची पाळी सुरू होताना आठ-दहा अँप्यूल काढून ट्रेमध्ये ठेवल्या आणि दिवसभर तशाच राहिल्या, तर औषध कमजोर होतं. दिसायला मात्र पाण्यासारखं स्वच्छच राहतं. मग इंजेक्शन देऊनही गर्भपिशवी आवळत नाही आणि दोष बाईच्या "अशक्तपणाला" लागतो. लागेल तेव्हा एकच काढायची.

वार पडली की ती पसरून बघायची. सगळे तुकडे जुळतात का, पापुद्रा अखंड आहे का. नखाएवढा तुकडा आत राहिला तरी गर्भपिशवी पूर्ण मिटत नाही.

[दृश्य : बाळंतिणीच्या खाली लावलेली, मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी.]

आता रक्त. चादरीवर पसरलेलं, कापसात मुरलेलं, बादलीत पाण्यात मिसळलेलं रक्त डोळ्यांना नेहमी कमी वाटतं. जितकं जास्त जातं, तितका अंदाज जास्त चुकतो. यावर उपाय साधा आहे : खुणा असलेली नरसाळ्यासारखी पिशवी कमरेखाली लावायची. अशी एक पिशवी आपल्या शेजारच्या बेळगावच्या वैद्यकीय महाविद्यालयात तयार झाली. २०२३ मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांतला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. रक्त असं मोजलं आणि लागणारे उपाय एकामागून एक नव्हे तर एकाच वेळी केले, तेव्हा गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटले.

उपाय कोणते? पोटावरून गर्भपिशवी चोळणं, सलाईनमधून ऑक्सिटोसिन, रक्त थांबवायला मदत करणारं ट्रानेक्झामिक अॅसिड एक ग्रॅम दहा मिनिटांत आणि बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत, शिरेतून द्रव, आणि वार, फाटलेली जागा, मूत्राशय तपासणं. मूत्राशयाला कमी लेखू नका. भरलेलं असलं की ते गर्भपिशवीला वर, उजवीकडे ढकलतं आणि ती आवळू शकत नाही. कितीदा तरी कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घातला आणि रक्त थांबलं, एवढंच पुरतं.

इथेच सकाळच्या ओपीडीतलं ते बीपी पुन्हा लागतं. मेथरजिन हे गर्भपिशवी आवळणारं जुनं, परिचयाचं औषध. घाईत हात आधी त्याच्याकडे जातो. पण ज्या बाईचं बीपी वाढलेलं आहे, तिला ते द्यायचं नाही, कारण ते रक्तदाब आणखी चढवतं. कार्डावर आकडा खरा लिहिलेला असेल तरच रात्रीच्या पाळीतल्या सिस्टरला हे कळणार.

पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी : नाडी, बीपी, गर्भपिशवी घट्ट आहे का, रक्त किती, मूत्राशय रिकामं आहे का. तरुण बाईचं शरीर बीपी बराच वेळ धरून ठेवतं, नाडी आधी वाढते. नाडीला वरच्या बीपीने भागावं. उत्तर ०.९ च्या वर गेलं, की बीपीचा आकडा कितीही बरा दिसो, डॉक्टरांना बोलवायचं. नाडी ११०, बीपी १०० : उत्तर १.१. ही बाई "ठीक" नाही. एका पाळीत तीन बाळंतपणं एकदम आली, तर पंधरा मिनिटांचा हा फेरा तुटतो. हा दोष सिस्टरचा मानू नये, तिथे माणसं कमी आहेत असं लिहून द्यावं.

[दृश्य : दादर स्टेशन. पिशव्या, बाळ कडेवर घेतलेली आजी.]

मुंबईची आणखी एक खास अडचण म्हणजे गाव. सातव्या महिन्यात ओटी भरून बाई माहेरी कोकणात किंवा साताऱ्याला जाते, किंवा इथे बाळंत होऊन आठव्या दिवशी गाडीत बसते. तपासण्या इथे, बाळंतपण तिथे. कार्ड कपाटात राहिलं तर तिथल्या सिस्टरला काहीच माहीत नसतं. निघताना कार्ड पिशवीत, आणि त्यावर रक्तगट, शेवटचं हिमोग्लोबिन, शेवटचं बीपी, आधीचं सिझर असेल तर ते, हे सगळं लिहिलेलं आहे का ते बघून द्यायचं. बाळंतपणानंतर बीपी तिसऱ्या ते सहाव्या दिवसात सर्वाधिक चढतं, नेमकं तेव्हा ती घरी असते. म्हणून ४८ तास दवाखान्यात, मग तिसऱ्या आणि सातव्या दिवशी तपासणी, गाव असो की चाळ. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून शेक-धुरी नको. त्या धुरातला विषारी वायू आई आणि बाळ दोघांच्याही रक्तात जातो.

घरच्यांनी लक्षात ठेवायचं ते असं. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजलं, लिंबाएवढ्या गाठी पडल्या, डोकं जोरात दुखलं, नजर अंधुक झाली, झटका आला, ताप चढला किंवा घाण वासाचा स्राव सुरू झाला, तर पित्ताची गोळी नाही आणि सकाळची वाटही नाही. १०८ ला फोन. पावसात रस्ते तुंबले असतील तर तेही फोनवर सांगायचं. कार्ड हातात घेऊन दाराशी उभं राहायचं.