साखळीपुरती जागा

(दृश्य : भर दुपार. गच्चीवरून दिसणारी वसाहत. पत्रे, काळ्या टाक्या, मोकळा रस्ता.)

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, त्याचं इथे कुणाला अप्रूप नाही. विजापूर रोडच्या आजूबाजूच्या वसाहतींत अकरानंतर रस्त्यावर माणूस दिसत नाही. मोकाट कुत्रीही दिसत नाहीत. ती गटारावरच्या फरशीखाली, उभ्या गाड्यांखाली, जिथे थोडी ओल असेल तिथे माती उकरून पडलेली असतात. या उन्हात उघड्यावर दिसतं ते फक्त पाळलेलं कुत्रं. कारण ते बांधलेलं असतं.

हे आमचं घर. इथे दोन कुत्री राहतात. बाबू लॅब्रेडॉर आहे, नऊ वर्षांचा, वजन जास्त, उठताना मागचे पाय कुरकुरतात. चिमी गावठी. अंगावर मूठभर मांस नाही, पण घरात सत्ता तिची. दुपारी दोघं न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर पोट टेकून पसरतात आणि आंघोळीला जाणाऱ्याने त्यांना ओलांडून जायचं, असा शिरस्ता आहे.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. थोडाफार येतो तो पंजाच्या गाद्यांना. अंग थंड करायचं सगळं काम धापा टाकण्यावर चालतं. जीभ बाहेर, श्वास भराभर, तोंडातली ओल उडून जाते आणि तिच्याबरोबर अंगातली उष्णताही. म्हणून त्याला पाणी लागतं, सावली लागते. बाबू ती स्वतः उठून शोधतो. चिमी पंखा बंद पडला की आमच्या तोंडाकडे बघत बसते, वीज आम्हीच घालवल्यासारखी.

(दृश्य : कंपाउंडची भिंत, आमच्या बाजूने. पलीकडून फरशीवर साखळी घासल्याचा आवाज.)

भिंतीच्या पलीकडचं घर आम्ही दाखवणार नाही. तिथे राहणाऱ्यांना आम्ही अण्णा म्हणतो. माणूस चांगला आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. रात्री-अपरात्री आमच्याकडे कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर गाडी अण्णांचीच निघते. त्यांचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. तिथे एकदा चोरी झाली आणि धास्तीने घरी दोन कुत्री आली. एक अल्सेशियन, रॉकी. दुसरं गावठी. त्याला नाव नाही. घरात त्याला ‘ते दुसरं’ म्हणतात.

रॉकी पाण्याच्या मोटारीच्या पाइपाला बांधलेला असतो. सकाळी टाकीची सावली त्याच्यावर असते. ऊन चढलं की ती हळूहळू भिंतीकडे जाते. सावली सरकते, साखळी सरकत नाही. दुपार कलेपर्यंत ते जनावर तापलेल्या फरशीवर एक पंजा उचल, दुसरा टेकव, असं करत उभं असतं. अंगावर थंड मुलखात शोभेल अशी दाट, दुहेरी लव. पाण्याचं ॲल्युमिनियमचं भगुलं साखळीत अडकून सकाळीच कलंडलेलं. आणि या गावात नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे सांडलेलं भगुलं लगेच पुन्हा भरायचं कुणाच्या मनात येत नाही.

‘ते दुसरं’ मागच्या बाजूला, जिन्याखाली. तिथे सावली आहे. पण जिथवर साखळी पोचते तिथवर जमिनीवर गवताची काडी नाही. पंजांनी घासून घासून अर्धवर्तुळ पडलंय. हगणं-मुतणं त्यातच, झोपणंही त्यातच.

अण्णांशी बोलायला गेलं की ते मनापासून गोंधळतात. “ताई, खायला तर घालतोय की. दोन टाइम. मटण केलं तर हाडंही त्यालाच.”

यात खोटं काही नाही. आपल्याकडे कुत्रं सांभाळण्याचं माप हेच होतं, भाकरतुकडा. शेतावरच्या वस्तीला कुत्रं असायचं, त्याला कुणी डॉक्टर दाखवला नाही की फिरायला नेलं नाही. सकाळ-संध्याकाळ चतकोर भाकरी ताकात कुस्करून घातली की मालकाचं काम संपलं. पण त्या कुत्र्याला दावं नव्हतं. ऊन लागलं तर ते कडब्याच्या गंजीत शिरायचं, तहान लागली तर पाटावर जायचं, गडी निघाला की त्याच्या मागे शिवार पालथं घालायचं. सावली, पाणी, फिरणं, सोबत, सगळं त्याचं त्याने मिळवलेलं. मालक देत होता ती फक्त भाकरी, आणि तेवढी पुरत होती. तेच कुत्रं बंगल्याच्या आवारात आलं, गळ्यात पट्टा पडला, आणि भाकरीखेरीज जे काही ते स्वतः मिळवायचं ते एका झटक्यात बंद झालं. देणाऱ्याचं माप मात्र तेच राहिलं.

गंमत म्हणजे भक्तीत उणं नाही. अण्णा इथल्या बाळे गावच्या खंडोबाचे भक्त. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो, खंडोबाच्या सोबतीला कुत्रा असतो म्हणून त्यातला घास रॉकीलाही मिळतो, कपाळावर भंडारा लागतो. साखळी तशीच.

(दृश्य : बाबूचा कान उलटा करून गोचीड काढणारी बोटं. वाटीत रॉकेल.)

पावसाळा लागला की गोचिडांचे दिवस. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली. चिमटीत धरून, मुळापासून सरळ ओढायची, वाटीत टाकायची. काही गोचिडांमधून ताप येतो. कुत्रं खाणं सोडतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, वेळेत उपचार झाले नाहीत तर जातं. बाबूला औषध लावलेलं असतं तरी रोज संध्याकाळी आम्ही त्याला तपासतो, कारण भिंत गोचिडांना अडवत नाही.

पलीकडे रॉकीच्या पाठीवर खरूज उठली तेव्हा कुणीतरी गाडीतलं जळकं ऑइल चोपडायला सांगितलं. हा उपाय गावोगाव चालतो. कुत्रं ते चाटतं आणि ते विष पोटात जातं, कातडी भाजते ती वेगळीच. त्या दिवशी मात्र आमच्याकडून आवाज चढला. अण्णांनी डबा परत नेला, आठवडाभर बोलले नाहीत.

राखणीचं म्हणाल तर बांधलेलं कुत्रं चोराच्या मागे धावू शकत नाही. ते भुंकतं. मांजर गेलं तरी भुंकतं, पान पडलं तरी भुंकतं, आणि काही दिवसांनी घरातलं कुणी उठून बघत नाही. कुणी अंगावर आलं तर मोकळं कुत्रं आधी पळतं. बांधलेल्याला चावण्याशिवाय वाट नसते. गल्लीतली पोरं त्याला काठीने डिवचतात ती भिंतीच्या अलीकडून, साखळीचा अंदाज घेऊन. दिवाळीत चिमी पलंगाखाली शिरते ती जेवायलाही बाहेर येत नाही. रॉकी पाइपाभोवती फिरत राहतो, साखळी गुंडाळली जाते, शेवटी मान पाइपाला टेकते आणि तो तसाच उभा थरथरतो.

कायदा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा, १९६० सालचा. त्याच्या कलम ११ मध्ये अवास्तव आखूड किंवा जड साखळीने अवास्तव वेळ बांधून ठेवणं येतं, सतत बांधलेल्या कुत्र्याला न फिरवणं येतं, पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं येतं. जणू कुणी आमच्या गच्चीवर उभं राहून लिहिलेलं. पण पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आज धड साखळीही मिळत नाही.

व्हिडिओ काढून ग्रुपवर टाका, असं अनेकांनी सुचवलं. त्याने शेजाऱ्याची बदनामी नक्की होते. कुत्र्याचं काय होतं, तेही आम्ही आजूबाजूला पाहिलंय. कटकट नको म्हणून एका रात्री त्याला गाडीत घालतात आणि हायवेवर धाब्यापाशी सोडून येतात. पाळीव प्राणी असा टाकून देणं त्याच कलमाखाली गुन्हा आहे, पण धाब्यापाशी पंचनामा करायला कोण जातं? साखळीवर वाढलेल्या कुत्र्याला ट्रक म्हणजे काय हेही माहीत नसतं.

(दृश्य : सिमेंटची पसरट कुंडी. पलीकडून एका मुलाचा हात ती ओढून घेतो.)

आम्ही आधी कुंडी दिली. जड, पसरट, कलंडत नाही. मग अण्णांच्या धाकट्याला गाठलं. सातवीतला पोरगा, बाबूवर जीव. तो सकाळी आमच्याबरोबर यायला लागला, पुढे रॉकीला घेऊन. पहिले काही दिवस रॉकी चालत नव्हता, ओढत होता. खांब, चाक, दगड, दिसेल ते हुंगत होता. ‘ते दुसरं’ला पोराने पिंट्या नाव ठेवलं. विचारलं तर म्हणाला, “तोंडावरूनच वाटतंय की.”

साखळीचा प्रश्न अण्णांच्या गावाकडच्या भावाने सोडवला, बोलता बोलता. द्राक्षाच्या बागेत दोन खांबांना जमिनीलगत जाड तार ताणतात, तारेत कडी, कडीला साखळी. कुत्रं बागेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळतं. आम्ही वर्षभर हेच निराळ्या शब्दांत सांगत होतो, असो. भाऊ बोलला, अण्णांनी ऐकलं. आता तार टाकीपासून भिंतीपर्यंत आहे. दुपारी रॉकी भिंतीच्या सावलीत असतो.

पिंट्या अजून जिन्याखालीच आहे. त्याला रेबीजची लसही टोचलेली नाही, आणि हा रोग एकदा लक्षणं दाखवू लागला की कुत्रं वाचत नाही, ते ज्याला चावलं त्याच्याही जिवावर बेततं. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात काम स्वस्तात होईल, गाडी आमची, धरायला आम्ही, इतपत बोलणं झालंय. अण्णा म्हणतात, “बघू की ताई, एवढी ऑर्डर जाऊ दे.” पोराला विचारलं तर तो म्हणतो, शनिवारी शाळा अर्धा दिवस असते. शनिवारी दुपारी दवाखाना उघडा असतो का, ते आम्ही उद्या जाऊन विचारणार आहोत.