ड्रिफ्ट, लॅग आणि खणातलं बीपी मशीन

नमस्कार श्रोतेहो.

गेम खेळणाऱ्या माणसाला यंत्रावर संशय घ्यायची सवय असते. स्क्रीनवरचा गडी बोट न लावता डावीकडे सरकायला लागला की कंट्रोलरची स्टिक (अंगठ्यानं फिरवायची दांडी) गेली, हे तो दोन सेकंदांत ओळखतो. बटण दाबल्यावर उडी किंचित उशिरा पडली, तर टीव्हीचा गेम मोड (चित्र लगेच दाखवणारी सेटिंग) बंद आहे हे त्याला सांगावं लागत नाही. पण त्याच टीव्हीखालच्या खणात बीपीचं मशीन असतं. त्यावर १४८ आला की सगळं घर तो आकडा निमूट मान्य करतं. खेळण्याची एवढी उलटतपासणी, आणि ज्याच्या जोरावर गोळी अर्धी की एक हे ठरतं त्याला एक प्रश्न नाही! आज गेमरचे प्रश्न त्या खणातल्या यंत्रांना विचारून बघू.

पहिला प्रश्न ड्रिफ्टचा. कंट्रोलरच्या प्रत्येक स्टिकखाली दोन छोटे पोटेन्शिओमीटर असतात, एक आडव्या हालचालीसाठी आणि एक उभ्या. आत कार्बनचा पट्टा आणि त्यावर घासत फिरणारी धातूची जीभ. जीभ कुठे टेकली आहे त्यावरून व्होल्टेज बदलतं, आणि त्या व्होल्टेजला कंट्रोलर दिशा समजतो. घासून घासून पट्टा झिजतो, त्याची भुकटी तिथेच साचते, आणि स्टिक सरळ उभी असूनही व्होल्टेज मधलं येत नाही. मधे म्हणजे कुठे, हेच यंत्र विसरतं. ड्रिफ्ट म्हणतात तो हाच.

यावरचा सोपा उपाय म्हणजे गेमच्या सेटिंगमध्ये डेडझोन वाढवणं. मधल्या भागातली बारीक हालचाल ही हालचालच नाही असं धरायचं. ५ टक्क्यांवरून १० किंवा १५ केलं की गडी सरकायचा थांबतो, पण बारीक नेमही गेला. दुरुस्ती करायची तर आधी कंट्रोलर बंद करा, स्टिकच्या बुडाशी ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल दोन थेंब सोडा, स्टिक पंधरा-वीस वेळा गोल फिरवा आणि पूर्ण सुकू द्या. नुसती भुकटी अडकली असेल तर काम होतं. पट्टाच झिजला असेल तर चार दिवसांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. गंज काढायचा तेलकट स्प्रे मात्र मारू नका, त्याचा थर राहतो आणि धूळ धरून ठेवतो. शेवटचा उपाय स्टिकचा अख्खा सुटा भाग, म्हणजे मॉड्यूल, बदलण्याचा. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवर त्याला एका स्टिकमागे सोल्डरचे १४ टाके असतात. हात बसलेला नसेल तर बोर्डवरची तांब्याची रेघ उचकटते, म्हणून हे काम मुंबईत लॅमिंग्टन रोडसारख्या ठिकाणच्या कारागिराकडे दिलेलं बरं.

नव्या कंट्रोलरांत हॉल इफेक्ट स्टिक मिळते. तिच्यात चुंबक फिरतो आणि सेन्सर त्याला लांबूनच ओळखतो, घासाघीस नाही. लोकांना हे नवं वाटतं, पण सेगा कंपनीच्या ड्रीमकास्ट या गेमयंत्राच्या कंट्रोलरमध्ये ते १९९८ सालीच होतं. एक भ्रम तेवढा काढून टाका: हॉल इफेक्ट म्हणजे ड्रिफ्ट कधीच नाही, असं नव्हे. स्प्रिंग सैल पडली तर स्टिक मधे परतत नाही, आणि मॉड्यूल बदलल्यावर कॅलिब्रेशन केलं नाही तर पहिल्या दिवसापासून ड्रिफ्ट दिसतो. शून्य कुठे आहे हे सेन्सरला कुणीतरी दाखवावं लागतं.

आता बीपीचं मशीन काढू. निन्टेन्डो ६४ आणि गेमक्यूब या जुन्या गेमयंत्रांचे कंट्रोलर सुरू होताना स्टिक जिथे असेल तिथेच मध्य धरतात, त्यामुळे चालू करताना स्टिक वाकडी धरली की सगळा खेळ वाकडा. हाताच्या दंडाचं बीपी मशीनही सुरू होताना बाहेरच्या हवेच्या दाबाला शून्य धरतं. म्हणून बटण दाबताना दंडाला गुंडाळलेला पट्टा दाबून धरू नका, मागच्या वेळची हवा पूर्ण जाऊ द्या, दोन मोजण्यांत एक मिनिट सोडा.

त्याहून महत्त्वाची गोष्ट मशीनच्या आतली आहे. डॉक्टर स्टेथोस्कोप लावून ठोके ऐकतात, मशीन काहीच ऐकत नाही. पट्ट्यातली हवा भरते किंवा उतरते तेव्हा धमनीच्या धक्क्यांनी पट्ट्यातला दाब किंचित थरथरतो. ही थरथर सगळ्यात मोठी जिथे होते तो साधारण सरासरी दाब. मशीनला खात्रीनं मिळतं ते एवढंच. वरचा आणि खालचा आकडा कंपनीच्या सूत्रानं काढलेला असतो, आणि ते सूत्र कंपनी सांगत नाही. म्हणून एकाच दंडावर दोन कंपन्यांची मशीनं वेगळे आकडे दाखवतात, आणि ठोके अनियमित पडत असतील तर सूत्र आणखी गोंधळतं. मशीन तपासण्याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे आयएसओ ८१०६०-२. ते म्हणतं की किमान ८५ माणसांवर तपासा, डॉक्टरी मोजणीशी सरासरी फरक ५ पॉइंटच्या (पाऱ्याच्या मिलिमीटरच्या) आत हवा आणि माणसागणिक फरकाचा पसारा ८ च्या आत. म्हणजे पास झालेलं मशीनही एखाद्याच्या दंडावर १० पॉइंट इकडेतिकडे जाऊ शकतं. असं तपासलेलं मॉडेल कोणतं, याची यादी ‘स्ट्राइड बीपी’ या संकेतस्थळावर फुकट बघता येते. पेटीवरच्या ‘क्लिनिकली’ वगैरे शब्दांपेक्षा त्या यादीवर विश्वास ठेवा.

खरा घोळ मात्र बहुतेक वेळा मशीनचा नसून मांडणीचा असतो. पट्ट्याचं माप बघा. नेहमीचा पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. ३६ घेराच्या दंडावर तोच आवळला तर आकडा खोटाच वाढीव येतो आणि माणूस नसलेल्या बीपीच्या गोळ्या खातो. शिंप्याची टेप घेऊन दंडाचा मधला घेर एकदा मोजाच. दुसरी गोष्ट हाताची उंची. पट्टा हृदयाच्या पातळीला हवा, तो १० सेंटिमीटर खाली असला तर आकडा ७-८ पॉइंट वाढतो. मांडीवर हात सोडून घेतलेलं बीपी हे असं असतं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही, पाच मिनिटं शांत बसणं, लघवी तुंबलेली नाही, अर्धा तास आधी चहा-तंबाखू नाही. आणि गप्प बसणं! ‘किती आला गं?’ असं मधेच विचारलं तरी आकडा चढतो. दोन-तीनदा मोजा, पहिला आकडा सोडून बाकीच्यांची सरासरी वहीत लिहा. पहिल्यांदा दोन्ही हातांवर बघा आणि पुढे ज्या हातावर जास्त येतो तोच धरा.

मनगटावरच्या घड्याळातलं बीपी? काही घड्याळांना दर २८ दिवसांनी दंडाच्या मशीनचा आकडा भरवावा लागतो. म्हणजे पट्ट्यानं जे सांगितलं त्यावरून ते अंदाज बांधतं. मूळ आकडा १० नं चुकीचा भरवला तर घड्याळ महिनाभर मोठ्या ऐटीत १० नं चुकत राहील. माझ्या मते तो डेडझोन वाढवल्यासारखा प्रकार आहे, दिसायला स्थिर, आत काय चाललंय ते झाकलेलं.

दुसरा प्रश्न लॅगचा, म्हणजे मागे पडण्याचा. सेकंदाला ६० फ्रेम (पडद्यावरची चित्रं) म्हणजे एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची. साध्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज १०० ते २०० मिलिसेकंद मागे पडतो, म्हणजे सहा ते बारा फ्रेम. गेमर यावर रात्र रात्र वाद घालतात. रक्तातला ऑक्सिजन मोजायला बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचा लॅग मात्र मिलिसेकंदांत नसतो, तो अर्ध्या मिनिटाच्या घरात असतो. लाल प्रकाश ६६० नॅनोमीटरचा, अवरक्त साधारण ९४० चा. दोन्ही बोटातून पार होतात आणि रक्तात ते किती शोषले गेले त्यावरून ऑक्सिजनची टक्केवारी निघते. यंत्र काही ठोक्यांची सरासरी काढतं, शिवाय फुप्फुसातलं रक्त बोटापर्यंत यायला वेळ लागतोच. म्हणून लावल्याबरोबर दिसलेला आकडा वाचायचाच नाही. हात गरम, नखाला नेलपॉलिश नाही, काळी मेंदी नाही, आणि आकडा स्थिर होईपर्यंत मिनिटभर धीर. शेजारचा नाडीचा आकडा मनगटावर मोजलेल्या नाडीशी जुळत नसेल तर ऑक्सिजनचा आकडाही सोडून द्या.

आणखी एक गंमत, पण जिवावर बेतू शकेल अशी. यंत्रावरचे आकडे इंग्रजी असतात आणि इंग्रजीतला ९८ उलट्या बाजूनं वाचला की ८६ दिसतो. ८६ उलटा वाचला की ९८. रुग्णाच्या समोर बसून वाचणाऱ्यानं यंत्राची दिशा आधी बघावी. कातडीच्या रंगाचाही परिणाम होतो. डिसेंबर २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना रक्ततपासणीत ८८ च्या खाली निघण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत सुमारे १२ टक्के होतं, गोऱ्यांत ४ टक्क्यांच्या आत. आपल्याकडच्या सावळ्या बोटांना हे लागू नाही असं समजायचं काही कारण नाही. तब्येत ठणठणीत असताना आपला आकडा किती येतो ते लिहून ठेवा, तो तीन-चारनं उतरणं ही खरी बातमी. आणि दम लागत असेल तर यंत्र ९७ दाखवतंय म्हणून घरी थांबू नका.

लॅगचा सगळ्यात महागडा फटका शुगरच्या सेन्सरमध्ये बसतो. दंडावर चिकटवायचा सेन्सर रक्त मोजत नाही, कातडीखालच्या पाण्यातली साखर मोजतो, आणि ती रक्ताच्या पाच ते पंधरा मिनिटं मागे असते. शुगर उतरली की तीन चमचे साखर, म्हणजे १५ ग्रॅम, खायची आणि पंधरा मिनिटांनी बघायचं, हा नियम. पंधरा मिनिटांनी सेन्सर अजून कमीच दाखवतो, माणूस घाबरून पुन्हा साखर खातो, मग पेढा, आणि तासाभरात २५०! रेसिंग गेममध्ये लॅग असताना स्टिअरिंग जास्त वळवून गाडी विरुद्ध कठड्यावर घालतात तोच प्रकार. अशा वेळी बोटातून थेंब काढून ग्लुकोमीटरच्या पट्टीवर बघा. रात्री त्या दंडावर झोपलात तर दाबामुळे सेन्सर खोटंच ‘कमी’ दाखवून घराला उठवतो, आधी कूस बदला, मग बोटानं खात्री करा. बोटाचंही एक सांगायला हवं. आंबा कापून हात न धुता थेंब काढला तर शुगर आंब्याची येते. स्पिरिटपेक्षा साबण-पाणी बरं, आणि हात कोरडे. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा, कोकणातल्या पावसाळी हवेत उघडी डबी टिकत नाही. मानकानुसार चांगल्या मीटरचाही आकडा १०० च्या वर १५ टक्के इकडेतिकडे चालतो, तेव्हा २०० म्हणजे १७० ते २३०. काल २१०, आज १९५ यावर पथ्याचं श्रेय घेऊ नये.

तिसरा प्रश्न ग्लिचचा, म्हणजे प्रोग्राममधल्या चुकीचा. झपाट्यानं बटणं दाबून गेमला चकवायची कला खेळणाऱ्यांना माहीत असते. किरणोपचाराच्या थेराक-२५ या कॅनेडियन यंत्रात १९८५ ते १९८७ दरम्यान हेच रुग्णांच्या अंगावर आलं. चालवणारी व्यक्ती सवयीनं चुकून एक्स-रेचं अक्षर टाकायची, मग कर्सर वर नेऊन ते इलेक्ट्रॉनचं करायची. यंत्रातले चुंबक जागेवर यायला आठ सेकंद लागत. दुरुस्ती त्या आठ सेकंदांत झाली तर प्रोग्रामच्या ती लक्षातच येत नसे, आणि प्रचंड ताकदीचा झोत अडथळ्याशिवाय सुटत असे. या यंत्रातून एकूण सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मारा बसल्याची नोंद आहे, काही दगावले. आधीच्या थेराक-२० मध्येही तसलीच चूक होती, पण तिथे खरेखुरे यांत्रिक अडसर होते, त्यामुळे फक्त फ्यूज उडायचा. नव्यात खर्च वाचवून ते अडसर काढले आणि सगळं सॉफ्टवेअरवर सोडलं. म्हणूनच ‘अपडेटनं सुरक्षितता वाढली’ असं कुठल्याही वैद्यकीय यंत्राबद्दल ऐकलं की अडसर कुठे आहे, असा प्रश्न मनात यावा.

खरेदी करताना पेटीवर परवान्याचा नंबर शोधा. भारतात २०१७ च्या मेडिकल डिव्हाइसेस रूल्सखाली बीपी मशीन, ग्लुकोमीटर, थर्मामीटर येतात, आणि नंबरात ‘एमएफजी/एमडी’ किंवा आयात असेल तर ‘आयएमपी/एमडी’ असं दिसतं. घरी वापर कमी असेल तर सेल काढून ठेवा, फुटलेला सेल आतले पत्रे खातो. वर्षातून एकदा मशीन डॉक्टरांकडे न्या आणि त्यांच्या मशीनशी जोडून बघा. घरात कुणाला पेसमेकर असेल तर चुंबकानं चार्ज होणारा फोन आणि हेडफोन छातीपासून १५ सेंटिमीटर लांब, शर्टाच्या खिशात तर नाहीच.

शेवटी गेमवाल्यांचं एक कौतुक. हातांत बळ नसलेल्यांसाठी मायक्रोसॉफ्टनं २०१८ मध्ये एक्सबॉक्स अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर काढला. त्याच्या पाठीवर १९ भोकं आहेत, साध्या ३.५ मिलिमीटरच्या जॅकची. पायानं दाबायचं बटण असो की फुंकर मारायचं, अपंगांच्या साधनांत आधीपासून चालत आलेली पिन थेट बसते. बीपी मशीनच्या पट्ट्याच्या नळीचं तोंड मात्र दर कंपनीचं वेगळं, आणि बसलं तरी दुसऱ्या कंपनीचा पट्टा लावू नये, सूत्र त्याच पट्ट्यावर बेतलेलं असतं. तेव्हा दंड जाड असेल तर मोठा पट्टा मशीनबरोबर, त्याच दिवशी, त्याच कंपनीचा मागून घ्या. नंतर शोधायला गेलात तर मिळेलच असं नाही.

नमस्कार.