मुद्दल किती होतं?

नमस्कार, श्रोतेहो.

तालुक्याच्या दिवाणी कोर्टात मी ३१ वर्षं नोकरी केली. नोकरीच्या पहिल्या वर्षातली एक सकाळ मला अजून लख्ख आठवते. साडेदहाचा पुकारा अजून व्हायचा होता. एक आजोबा माझ्या टेबलापाशी आले, डोक्यावरची टोपी काढली आणि तिच्या घडीतून चार पदरी घडी घातलेलं समन्स बाहेर काढलं. "ताई, एवढं वाचून दावा." मी वाचलं. दाव्याची रक्कम सांगितली. आजोबा जरा वेळ गप्प उभे राहिले आणि म्हणाले, "आन् ताई, मी घेतलं किती हुतं?"

मला सांगता आलं नाही. त्या कागदावर फक्त येणं बाकीचा आकडा होता.

पुढे बऱ्याच वर्षांनी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांबद्दल वाचत असताना हा प्रश्न मला पुन्हा भेटला. आपण त्यांना न्यायमूर्ती म्हणतो ते हायकोर्टामुळे. पण हायकोर्टात ते गेले १८९३ च्या नोव्हेंबरात, न्यायमूर्ती तेलंगांच्या मृत्यूनंतर, आणि १६ जानेवारी १९०१ ला वारले. म्हणजे जेमतेम सात वर्षं. त्याआधीची सुमारे २२ वर्षं त्यांनी खालच्या कोर्टांत काढली. १८७१ साली ते पुण्याला पहिल्या वर्गाचे सब-जज्ज झाले, मग नाशिक, धुळे, काही काळ मुंबईला मॅजिस्ट्रेट, पुन्हा पुणे, स्मॉल कॉज कोर्ट, म्हणजे लहान रकमांच्या दाव्यांचं कोर्ट. जिथे साक्षीदार शपथ घेतो, जिथे अंगठा उठवला जातो, जिथे वादी-प्रतिवादी एकमेकांकडे न बघता एकाच बाकावर बसतात, ते हे कोर्ट. मला मनापासून वाटतं की रानड्यांचं सगळं सार्वजनिक काम याच खोलीतून उगवलं.

ते पुण्यात आले तेव्हा दख्खनच्या शेतकऱ्याची काय दशा होती? अमेरिकेतल्या यादवीमुळे इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८६५ ला ती लढाई संपली आणि भाव कोसळले. त्यातच सरकारने शेतसारा वाढवला. आणि वर मुदतीचा कायदा. हा कायदा कर्जदाराच्या रक्षणासाठी केलेला होता, की तीन वर्षांनंतर जुन्या खतावर, म्हणजे कर्जाच्या लेखी कागदावर, दावा लावता येऊ नये. झालं उलटंच. मुदत संपायच्या आत सावकार नवं खत लिहून घ्यायचा आणि थकलेलं व्याज मुद्दलात घालायचा. आपण हिशेब करून बघू. १०० रुपये घेतले, दरमहा शेकडा २ रुपयांनी. तीन वर्षांनी खत बदललं, १७२ चं झालं. पुन्हा तीन वर्षांनी २९६ च्या आसपास. नवव्या वर्षी ५०० च्या वर. शेतकऱ्याने त्यानंतर एक पैसाही उचललेला नाही, आणि कोर्टात येतं ते शेवटचं खत. बरेच शेतकरी तारखेला हजरच राहत नसत. मग एकतर्फी हुकूमनामा, आणि त्यामागे दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या वसुलीचा अर्ज, आणि जप्ती.

१२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोक उठले. त्यांनी मागितल्या त्या सावकारांच्या हिशेबाच्या चोपड्या आणि खतं. कागद हाती आले की ते जाळायचे. कोर्टाच्या दप्तरात आयुष्य गेलेल्या मला यात फार मोठं काहीतरी दिसतं. त्या माणसांना नेमकं ठाऊक होतं की आपला गळा कशाने आवळला आहे.

या दंग्यांनंतर चौकशी बसली आणि १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट, म्हणजे कर्जबाजारी शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा, आला. त्यातलं एक कलम मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. जज्जाने शेवटच्या खतावर थांबायचं नाही. दोघांमधला व्यवहार पहिल्यापासून उकलायचा, मुद्दल वेगळं काढायचं, व्याज वेगळं मांडायचं, व्याजावर व्याज धरायचं नाही. कर्जापायी शेतकऱ्याला कैदेत टाकायचं नाही. हप्ते बांधून द्यायचे. माझ्या टेबलापाशी उभ्या राहिलेल्या आजोबांचा प्रश्न, शंभर वर्षं आधी, कायद्याने जज्जाच्या तोंडी घातला होता.

हा कायदा राबवण्याच्या कामावर रानडे नेमले गेले. आधी साहाय्यक म्हणून, पुढे १८८७ पासून स्पेशल जज्ज म्हणून. स्पेशल जज्जाचं काम म्हणजे गावोगाव फिरती. खालच्या कोर्टांची दप्तरं मागवायची, हिशेब नीट उकलला आहे का ते तपासायचं, चूक दिसली तर दुरुस्त करायची. माणूस धिप्पाड, पण डोळे अधू. उतारवयात तर वाचून दाखवायला माणूस लागे. अशा डोळ्यांनी त्यांनी किती रोजनामे, म्हणजे दाव्यांच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदी, नजरेखालून घातले असतील!

आणि सार्वजनिक सभा, लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणारी पुण्याची संस्था. सरकारी नोकर म्हणून त्यांना तिथे नावानिशी पुढे येता येत नव्हतं. सभेच्या त्रैमासिकातलं कितीतरी लेखन त्यांचं, पण त्यावर नाव नाही. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने तालुक्या-तालुक्यातून खरी हकीकत गोळा केली आणि सरकारपुढे मांडली. साक्षीपुराव्याची सवय असलेल्या माणसाचाच तो हात. सार्वजनिक काकांनी, म्हणजे सभेच्या गणेश वासुदेव जोशींनी, पुढाकार घेऊन काढलेल्या लवाद कोर्टालाही त्यांचा पाठिंबा होता. भांडण आपसात, पंचांपुढे मिटावं, दोन्ही पक्षांचा खर्च वाचावा. स्वतः खुर्चीवर बसलेला जज्ज लोकांना सांगतो की शक्य तर माझ्यापर्यंत येऊच नका. आजच्या लोकअदालतीत तडजोडीच्या पुरशीसवर, म्हणजे कोर्टाला द्यायच्या लेखी निवेदनावर, दोन भाऊ सही करतात, तेव्हा मला त्या लवाद कोर्टाची आठवण येते.

वसंत व्याख्यानमाला, प्रार्थना समाज, १८८४ ची हुजूरपागा ही मुलींची शाळा, ही कामं आपल्याला शाळेपासून माहीत आहेत, म्हणून त्यात शिरत नाही. एक गोष्ट मात्र टाळून चालणार नाही. विधवाविवाहाचा कैवार घेणाऱ्या या माणसाने पहिली पत्नी गेल्यावर, १८७३ साली, वडिलांच्या आग्रहाखातर ११ वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. ते त्यांचं चुकलंच, आणि लोकांनी तेव्हाही तसं म्हटलं. त्या मुलीला, रमाबाईंना, त्यांनी लगेच पाटी-पेन्सिल दिली. पुढे फिरतीवरही त्या बरोबर असत. रमाबाईंनी लिहून ठेवलेल्या आठवणींमुळेच आपल्याला घरातले रानडे कळतात.

धुळ्याची हकीकतही त्यांनीच लिहिली आहे. १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड झालं, पुण्यात बुधवार वाडा जळाला आणि सरकारचा संशय रानड्यांवर गेला. नाशिकहून धुळ्याला बदली झाली. घरी येणारं टपाल फोडलं जाऊ लागलं. बंडवाल्यांच्या नावाने बनावट पत्रं येत, आणि रानडे ती जशीच्या तशी पोलिसांकडे धाडून देत. सकाळी हे, आणि अकराला कोर्टात जाऊन याच सरकारच्या नावाने न्याय द्यायचा. तो त्यांनी दिला, रोजच्या रोज.

मी निवृत्त होईपर्यंत माझ्या टेबलापाशी समन्स घेऊन येणारे थांबले नव्हते. वकिलाकडे जाण्याआधी लोक मला विचारायचे, "ताई, काय काय आणू?" मी सांगायची, सगळ्यात जुना कागद आधी शोधा. पत्र्याच्या ट्रंकेत असेल, देवघरात असेल, सासऱ्यांच्या कोटाच्या खिशात असेल. पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला असला तरी आणा.

एकदा एका बाईने असा कागद आणला होता, नवऱ्याच्या जुन्या डायरीचं पान. त्यावर पेन्सिलीने एवढंच होतं, तारीख आणि आकडा. मी तो तिच्या वकिलांकडे दिला. त्यांनी चष्मा पुसला, आकडा दोनदा वाचला आणि दाव्याची प्रत पुढ्यात ओढली.

नमस्कार.