रेदुईची दोन घरं

[दृश्य: वाऱ्यावर हलणारा ऊस, मागे डोंगर]

मॉरिशसमध्ये विमान उतरायला लागलं की खिडकीतून आधी दिसतो तो ऊस. कोकणातून मजूर म्हणून गेलेल्या आपल्या माणसांनीही तो तोडला. त्यांचे वंशज आज तिथे गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी उपभोगतात. पण ही गोष्ट उसाची नाही. उसाच्या बांधापलीकडे जे आपसूक उगवतं, त्याची आहे.

[दृश्य: राष्ट्रपती भवनाचं फाटक]

हे रेदुई. नावाचा अर्थच आसऱ्याची जागा. इंग्रज चालून आले तर लपायला ठिकाण हवं, म्हणून १७४८ साली फ्रेंच गव्हर्नरनं इथे घर उभारलं. आज ते राष्ट्रपती भवन आहे. मॉरिशस विद्यापीठही याच रेदुईत. विद्यापीठाच्या घरातून राष्ट्रपतींच्या घरात जायला वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञ अमीना गुरीब-फकीम यांना २८ वर्षं लागली.

त्यांचा जन्म १९५९ चा. केमिस्ट्री शिकायची म्हटल्यावर सल्ला मिळाला, कशाला? परत आल्यावर इथे नोकरी कोण देणार? तरीही त्या इंग्लंडला गेल्या. सरे विद्यापीठाची पदवी, एक्सेटरची डॉक्टरेट, आणि १९८७ मध्ये पुन्हा बेटावर, याच विद्यापीठात.

इथे हाताशी होता तो झाडपाला, आणि त्याची माहिती असलेली म्हातारी माणसं. दम्याला कुठलं पान, हगवणीला कुठली साल. ते सगळं नोंदवायचं, मग प्रयोगशाळेत तपासायचं, असं काम सुरू झालं.

[दृश्य: बेंझ्वांचं रोप, अगदी जवळून]

हे बेंझ्वां, अशाच झाडपाल्यातलं एक झाड. मूळचं याच भागातल्या बेटांवरचं. रोप लहान असताना पानं अरुंद, शीर लालसर. झाड वाढलं की पानं रुंद, हिरवी. दोन्ही एकाच झाडाची आहेत हे सांगूनही पटत नाही. एके काळी इथे राक्षसी कासवं चरायची. कोवळ्या रोपाचं हे सोंग त्यांना चकवण्यासाठी असावं, असं मानतात. ती कासवं कधीच संपली. रोप मात्र अजून सोंग घेतंच आहे.

आणि हे आपलं कारलं. तिथल्या क्रेओल भाषेत मार्गोझ. या देशात साधारण दर पाच प्रौढांमागे एकाला मधुमेह. कारल्याच्या रसानं आतड्यातून साखर शोषली जाण्यावर काय परिणाम होतो, हे गुरीब-फकीम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या आतड्यावर तपासलं. आपल्याकडे हा निकाल व्हॉट्सअ‍ॅपवर कधीच लागलाय, तपासणीशिवाय!

[दृश्य: राष्ट्रपती भवनाचा जिना]

५ जून २०१५. प्राध्यापक गुरीब-फकीम मॉरिशसच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. देशोदेशीच्या व्यासपीठांवरून त्या एकच बोलत राहिल्या: आफ्रिकेनं विज्ञानावर स्वतःचा पैसा घालावा. पण मॉरिशसचा कारभार पंतप्रधान चालवतात. राष्ट्रपतींकडे मान असतो, तिजोरीची किल्ली नसते.

तशी किल्ली असलेल्यांनीही काय केलं म्हणा! राष्ट्रीय उत्पन्नाचा एक टक्का संशोधनाला, हे आफ्रिकी राष्ट्रांनी १९८० मध्ये आपल्या विकासाच्या लागोस आराखड्यात लिहिलं. २००६ मध्ये पुन्हा कबूल केलं. बहुतेक देश त्याच्या जवळपासही नाहीत. मग ती फट भरायला देणगीदार येतात.

लंडनच्या एका स्वयंसेवी संस्थेनं राष्ट्रपतींना क्रेडिट कार्ड दिलं होतं. त्यावर खासगी खरेदी केल्याचा आरोप झाला. पैसे परत केले आहेत, काही गैर केलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. १२ मार्च २०१८ ला देशानं स्वातंत्र्याची पन्नाशी साजरी केली. २३ मार्चला त्यांनी पद सोडलं.

बातम्या आल्या त्या खरेदीच्या. मला टोचतं ते दुसरंच. एका देशाच्या राष्ट्रपतीला हे काम करायला परक्या संस्थेचं कार्ड लागावं? कारण कार्ड ज्या फिरतीसाठी मिळालं होतं, ती होती आफ्रिकेतल्या पीएचडीच्या शिष्यवृत्त्यांसाठी.

[दृश्य: विद्यापीठाचं आवार, संध्याकाळ]