यॉकगेनीच्या काठानं: एक जुनी रेल्वेवाट आणि तिच्यावरचं गाव

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेच्या पूर्वेला, मेरीलँड राज्यातल्या कंबरलँडपासून पेनसिल्व्हेनियातल्या पिट्सबर्गपर्यंत एक वाट जाते. लांबी 150 मैल, म्हणजे सुमारे 240 किलोमीटर. मोटारींना तिथं मज्जाव आहे. पायी चाला नाहीतर सायकल चालवा. ग्रेट अलेघेनी पॅसेज हे तिचं नाव. एकेकाळी इथून कोळशाच्या आणि मालाच्या गाड्या जात. गाड्या थांबल्या, रूळ निघाले आणि त्या जागी चुनखडीची बारीक कच दाबून बसवली गेली. अशा वाटेला तिकडं रेल-ट्रेल म्हणतात. आज मी तुम्हाला या वाटेच्या यॉकगेनी नदीकाठच्या भागात आणि तिथल्या एका छोट्या गावात घेऊन जाणार आहे.

जुनी रेल्वेवाट सायकलवाल्यांना इतकी का मानवते? गाडीला चढ झेपत नाही, म्हणून. रेल्वेचे इंजिनिअर शक्य तिथं डोंगर टाळत आणि नदीच्या कडेकडेनं लाइन टाकत. आपल्या बोरघाटात सगळ्यांत अवघड जागी 37 फुटांमागे एक फूट चढ आहे आणि तिथं गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. या वाटेवर कंबरलँडहून निघालं की पहिल्या 24 मैलांत सुमारे 1800 फूट वर चढायचं असतं. हिशेब केला तर साधारण 70 फुटांमागे एक फूट. अख्ख्या वाटेवरचा हाच काय तो मोठा चढ. माथा 2392 फुटांवर येतो. तिथं पडलेला पाऊस पूर्वेला वाहिला तर पोटोमॅक नदीतून अटलांटिकला मिळतो आणि पश्चिमेला वाहिला तर ओहायो, मिसिसिपी असं करत मेक्सिकोच्या आखातात जातो. त्यापुढे पिट्सबर्गपर्यंत सव्वाशे मैल उतरणच आहे. उतार असा की डोळ्यांना दिसत नाही, पायांना कळतो.

माथ्याच्या अलीकडेच बिग सॅव्हेज नावाचा 3294 फुटी बोगदा लागतो. आत दिवे आहेत, गारवा आहे. हिवाळ्यात मात्र त्याची दारं लावून घेतात, कारण आत पाणी गोठलं तर भिंतींचं अस्तर फुटतं. माथा ओलांडून पुढं गेलात की सॉल्सबरीचा पूल येतो. 1908 फूट लांब आणि जवळजवळ 100 फूट उंच. खाली कॅसलमन नदी, हमरस्ता आणि आजही चालू असलेला दुसरा लोहमार्ग. या पुलावर सायकल टेकवून उभे राहा, घाई करू नका. खालून मालगाडी आली तर तिचे डबे मोजता येतात.

हे सगळं आज आहे, याचं श्रेय काही माणसांनी वेळेवर केलेल्या कामाला आहे. वाटेच्या कंबरलँड ते कॉनेल्सव्हिल भागातली वेस्टर्न मेरीलँड रेल्वेची लाइन 1912 मध्ये सुरू झाली आणि 1975 मध्ये बंद पडली. लाइन बंद पडली की खरा धोका जमिनीला असतो. पट्टा अरुंद, मैलोन्‌मैल लांब, शेकडो बांधांना लागून गेलेला. कुणी चार गुंठे कुंपणात घेतो, कुणी पूल भंगारात काढतो, आणि एकदा तुकडे पडले की असा सलग पट्टा पुन्हा कुणालाही जमवता येत नाही. पैसा ओतूनसुद्धा नाही. वेस्टर्न पेनसिल्व्हेनिया कॉन्झर्व्हन्सी या निसर्गसंवर्धन संस्थेनं हे ओळखलं. 1978 मध्ये तिनं कॉन्फ्लुअन्स ते कॉनेल्सव्हिल या गावांमधला 27 मैलांचा पट्टा विकत घेऊन ठेवला आणि पुढं राज्य सरकारकडं सोपवला. तेव्हा तिथं वाट नव्हती, नुसती खडी आणि झुडपं. 1986 मध्ये पहिला नऊएक मैलांचा भाग खुला झाला आणि पिट्सबर्गपर्यंतचं शेवटचं अंतर जोडलं गेलं ते 2013 च्या जूनमध्ये. पहिल्या खरेदीपासून पस्तीस वर्षं! या कामात गावोगावच्या लोकांनी झाडं तोडली, पुलांवर फळ्या ठोकल्या, आणि जमिनीसाठी एकेका मालकाचा उंबरा झिजवला. मला या चिकाटीचं मोल सगळ्यांत जास्त वाटतं.

अमेरिकेनं 1983 मध्ये यासाठी कायद्यातही सोय केली. बंद लाइनचा पट्टा न मोडता तात्पुरता वाटेसाठी वापरायचा आणि उद्या रेल्वेला गरज पडली तर तो परत द्यायचा. गाडी परत येण्याचा हक्कही राहतो आणि तोवर जमीन लोकांच्या पायाखाली राहते.

आता गावात जाऊ. कॉन्फ्लुअन्स. वस्ती हजाराच्याही आत. कॅसलमन, लॉरेल हिल क्रीक आणि यॉकगेनी हे तीन प्रवाह इथं एकत्र येतात. यॉकगेनी हे लांबलचक नाव तिथले लोक नुसतं ‘यॉक’ म्हणून उरकतात. तीन प्रवाहांचा आकार टर्की पक्ष्याच्या पंजासारखा दिसतो, म्हणून या जागेला पूर्वी टर्कीफूट म्हणत. जॉर्ज वॉशिंग्टन 1754 च्या मे महिन्यात इथं आला तेव्हा बावीस वर्षांचा तरुण अधिकारी होता. फ्रेंचांच्या फोर्ट ड्यूकेन किल्ल्याकडं, म्हणजे आजच्या पिट्सबर्गकडं, नदीतून जाता येईल का हे तो पाहत होता. खाली ओहायोपाइलचा धबधबा आडवा आला आणि तो बेत तिथंच संपला.

गावाच्या वरच्या अंगाला धरण आहे. धरणातून तळाचं थंड पाणी सुटतं, त्यामुळं भर उन्हाळ्यातही खालच्या नदीत ट्राउट मासा टिकतो. कमरेपर्यंत रबरी बूट चढवून पाण्यात तासन्‌तास उभे असलेले गळवाले तुम्हाला तिथं हमखास दिसतील.

वाट काही गावाच्या चौकातून जात नाही, ती कडेकडेनं जाते. मधल्या चौकात हिरवळ आहे, बँडसाठी छोटा मंडप आहे, भोवती लाकडी घरं आहेत. पण सायकलवाल्याला हे वाटेवरून दिसणार कसं? अशाच प्रश्नांसाठी 2007 मध्ये द प्रोग्रेस फंड या संस्थेनं ‘ट्रेल टाउन’ उपक्रम सुरू केला. लहान धंद्यांना कर्ज देणं हे या संस्थेचं मूळ काम. तिची माणसं गावाकडं सायकलवाल्याच्या नजरेनं बघू लागली. वाटेवरून गावाकडं वळायला पाटी आहे का? सायकल कुठं लावायची? पाण्याचा नळ आहे का? भिजलेले कपडे वाळत घालायला जागा आहे का? रविवारी दुपारी भूक लागलेला माणूस आला तर एखादी खाणावळ उघडी सापडेल का? प्रश्न किरकोळ वाटतात, पण दिवसभर पायडल मारून आलेला माणूस रात्री इथं राहणार की पुढं जाणार, हे त्यांच्यावरच ठरतं. कोळसा आणि रेल्वे यांच्यावर जगलेल्या या खोऱ्यात ते काम आटल्यावर, राहायला थांबलेला एकेक पाहुणा मोलाचा आहे.

कॉन्फ्लुअन्सपासून ओहायोपाइल 11 मैल. मला विचाराल तर संपूर्ण वाटेवरचा सर्वांत सुंदर भाग हाच. एका हाताला जंगलाची चढण, दुसऱ्या हाताला सतत नदी. पलीकडच्या काठावरून चालू लाइनवरच्या गाडीची शीळ येते. ओहायोपाइलला यॉक नदी फर्नक्लिफ नावाच्या भूभागाला मोठा वळसा घालते. वाट वळशात न शिरता दोन पुलांवरून नदी दोनदा ओलांडते आणि सरळ पुढं निघते. उंच पुलावरून खाली बघितलं तर रबरी राफ्टमधली माणसं फेसाळ पाण्यात वल्ही मारताना दिसतात. जवळच बेअर रन ओढ्यावर वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइटचं ‘फॉलिंगवॉटर’ हे घर आहे, जागतिक वारशाच्या यादीतलं. तिथं जाणारा रस्ता चढाचा आणि मोटारींचा आहे, म्हणून सायकलनं जाताना जपून.

कॉनेल्सव्हिलच्या पुढं खोऱ्याचा रंग बदलतो. हे गाव कोकसाठी, म्हणजे कोळसा भट्टीत भाजून केलेल्या इंधनासाठी, प्रसिद्ध होतं. इथल्या भट्ट्यांतला कोक पिट्सबर्गच्या पोलादासाठी जायचा. त्याच्या पुढं व्हॅन मीटरजवळ एक फलक आहे, तो मी तुम्हाला आवर्जून वाचायला सांगेन. 19 डिसेंबर 1907 ला इथल्या डार या कोळशाच्या खाणीत स्फोट झाला आणि 239 माणसं आणि पोरं आत मेली. बरेचसे युरोपातून नुकते आलेले मजूर होते. त्याच दिवशी जुन्या ज्युलियन कॅलेंडरप्रमाणे संत निकोलसचा सण होता, म्हणून काही कामगार चर्चमध्ये गेले होते. ते वाचले. त्या महिन्यातल्या अशा स्फोटांनी देश हादरला आणि 1910 मध्ये खाणींच्या सुरक्षेसाठी केंद्र सरकारनं वेगळा विभाग काढला. आणखी खाली, वेस्ट न्यूटनच्या पुढं, वाटेच्या कडेच्या खडकांवर गंजासारखा लाल थर दिसतो. बंद खाणींतून अजूनही झिरपणाऱ्या पाण्यातलं ते लोह आहे. इतक्या देखण्या वाटेवर हेही दिसतं, कुणी झाकून ठेवलेलं नाही, हे मला योग्य वाटतं.

तुमचं कुणी पिट्सबर्गला किंवा वॉशिंग्टनला असेल आणि तुमचं तिकडं जाणं झालं, तर सगळे 150 मैल करायची गरज नाही. कॉनेल्सव्हिलला आणि कंबरलँडला ॲमट्रॅकची, म्हणजे अमेरिकेच्या प्रवासी रेल्वेची, गाडी थांबते, आधी आरक्षण केलं तर सायकलही नेता येते. ऑक्टोबरच्या मध्यात झाडांना रंग चढतात, पण तेव्हा खोल्या लवकर भरतात. कॉन्फ्लुअन्सला रात्र काढा, सकाळी धुकं उठायच्या आत निघा आणि ओहायोपाइलपर्यंत उतारानं जा. पुढच्या टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवा, चुनखडीच्या कचेवर चाक बरं धरतं. आणि संध्याकाळी गावात पोहोचलात की आधी चौकात वळा.

नमस्कार.